अठ्ठ्याहत्तर सैल तारा

मंगळवार, १५ ऑक्टोबर २०२४. दुपारी ४ वाजून १० मिनिटं.

वेळ मुद्दाम लिहिते आहे. पुढे कोणी म्हणायला नको की ओदेतबाईंना नीट आठवत नाही.

चार वाजून दहा मिनिटांनी संगीताच्या खोलीत बाबांच्या कानूनची पेटी उघडली. ते तारांचं वाद्य मांडीवर घेतलं, बोटांत नख्या चढवल्या आणि तारांवरून हात फिरवला. वाळक्या गवतातून हात जावा तसा आवाज! अठ्ठ्याहत्तरच्या अठ्ठ्याहत्तर तारा सैल. तुटलेली एकही नाही.

थंडीने तारा उतरतात हे मला कोणी शिकवू नये. त्या उतरतात तेव्हा एक जास्त, एक कमी. इथे प्रत्येक खुंटी बरोबर दीड फेरा मागे. हे हवेचं काम नाही, हाताचं आहे. आणि घाईचंही नाही — चांगलं बसून, सावकाश केलेलं.

चौदा मुलं समोर बसलेली. धाकटी लमार म्हणाली, "मिस, तारांना बरं नाही का?" मी म्हटलं, कोणीतरी त्यांना आजारी पाडलंय. स्वर लावायला एक तास वीस मिनिटं लागली. म्हणजे सगळा वर्ग त्यातच गेला.

या खोलीच्या चाव्या दोन. एक माझ्या पर्समध्ये. दुसरी रवानकडे.

बुधवार, १६ ऑक्टोबर

झोप नीट लागली नाही. विचार केला तर सगळं सरळ आहे.

बेत जालाच्या या केंद्रात वर्ग दोन. माझा संगीताचा आणि रवानचा चित्रांचा. दोन्हीकडे मुलं तीच — गाझाहून उपचारांसाठी आलेली, परतीचा रस्ता बंद झाला म्हणून इथेच राहिलेली. आणि निर्वासितांच्या छावणीतली, ज्यांच्या घरांत दर आठवड्याला शिपाई शिरतात. वीस नोव्हेंबरला परदेशी संस्थेचे पाहुणे येणार. पुढच्या वर्षी एकाच वर्गाला मदत मिळणार, असं त्यांनी कळवलंय. कुठल्या, ते पाहून ठरवतील.

आता पाहुण्यांना काय आवडतं? चित्रं आवडतात. चित्र बॅगेत घालून नेता येतं, भिंतीवर लावता येतं, खाली मुलाचं नाव आणि वय लिहिता येतं. गाणं कुठे लावणार? मग ज्या बाईचा चित्रांचा वर्ग आहे तिला माझं कानून मुकं झालेलं हवं असेल, की नको?

रवान अठ्ठावीस वर्षांची. मानसशास्त्र शिकलेली. मुलं रडली की ती त्यांना म्हणते, "रड बाळा, जागा आहे." मी म्हणते, सुरात रड. पंचेचाळीस वर्षं शिकवलंय मी. माझ्या हातची पोरं आता आजोबा झालीत.

गुरुवार, १७ ऑक्टोबर

रवानला विचारलं. सरळ, सगळ्यांसमोर नाही — तेवढी रीत मला नन्सनी शिकवली आहे. मंगळवारी दुपारी माझ्या खोलीत कोण गेलं होतं?

तिने माझ्याकडे पाहिलं, मग चहाच्या पेल्याकडे. म्हणाली, मी नाही गेले. मी म्हटलं, 'मी' कोणी विचारलं? 'कोण' विचारलं. तिने पेला उचलला आणि विसळायला गेली.

चोराच्या मनात चांदणं.

शनिवार, १९ ऑक्टोबर

मयार गात नाहीये.

म्हणजे तोंड हलवते. ओळी पाठ आहेत तिच्या. पण आवाज नाही. मी घोळक्यात फिरत फिरत तिच्यापाशी जाऊन कान लावला — नुसती वाफ! बारा वर्षांची ही पोर, गेल्या वर्षी सप्टेंबरात हृदयाच्या ऑपरेशनला आजीबरोबर आली. ऑपरेशन झालं, टाके सुटले, आणि जायच्या आठवड्यात रस्ता बंद. आई-बाप, दोन भाऊ तिकडे. या दोघी इकडे, केंद्राला लागून असलेल्या निवासात. असा आवाज मला पंचेचाळीस वर्षांत तीनदा मिळाला. वीस नोव्हेंबरला ती एकटी गाणार आहे. तिच्या जिवावर मी हा वर्ग वाचवणार आहे, हे पानाला सांगायला हरकत नाही.

घसा दुखतो का, विचारलं. मान हलवली — नाही. मग? खांदे उडवले.

गेल्या आठवड्यातल्या गुरुवारपर्यंत, नाही, त्याच्या आधीच्या मंगळवारपर्यंत नीट गात होती. त्या गुरुवारी, दहा तारखेला, तर मी सगळ्यांनाच फैलावर घेतलं होतं. खालच्या गल्लीत कोणी वारलं म्हणून शेजारचा माणूस सांगायला आला — बाई, ढोलकी तेवढी थांबवा. एरवी मी थांबवली असती. इथे मयत झालं की गल्लीतलं लग्नसुद्धा मुक्याने लागतं, मला काय माहीत नाही? पण वर्ष झालं, रोज कोणाचं तरी मयत. या हिशेबाने ही पोरं म्हातारी होईपर्यंत गाणार नाहीत. मी दार लावलं आणि मुलांना बजावलं: या खोलीत दुखवटा नाही. बाहेर हवा तेवढा पाळा. इथे पाऊल ठेवलं की गायचं. ज्याला जमत नसेल त्याने येऊ नये.

बरोबरच बोलले. आजही तेच बोलेन.

मंगळवार, २२ ऑक्टोबर. दुपारी ४ वाजून ५ मिनिटं.

पुन्हा! सगळ्या. दीड फेरा.

खुंट्या फिरवायची किल्ली पेटीतच, फडक्यात गुंडाळलेली, जिथे मी ठेवते तिथे. इतकं व्यवस्थित काम करणारा चोर मी पाहिला नाही. मला चिडवायचं असतं तर किल्ली लपवली असती. हे चिडवणं नाही, हे धोरण आहे.

अबूना बिशारांकडे, आमच्या पाद्रींकडे गेले. केंद्र त्यांच्या चर्चच्या जागेत आहे, सह्या त्यांच्याच चालतात. ते ऑलिव्हच्या पोत्यांपाशी उभे, बाहीला तेल. सगळं ऐकून म्हणाले, "ओदेतबाई, लढाई चालू आहे आणि तुम्ही खुंट्या मोजताय."

मी म्हटलं, "म्हणूनच मोजतेय. बाकीचं मोजायला माझ्याकडे बोटं नाहीत."

त्यावर त्यांनी तोंड पुसलं आणि म्हणाले, लेखी द्या. हे वाक्य त्यांनी मलाच ऐकवावं! पोरं मागून मला 'मिस लेखी-द्या' म्हणतात, मला ठाऊक आहे. उशीर झाला तरी लेखी, वही विसरली तरी लेखी, आणि उत्तर कधीपर्यंत हवं त्याची तारीख खाली. सिस्टर क्लोतिल्डने आम्हाला असंच शिकवलं. म्हणायची, तोंडी तक्रार वारा नेतो, लेखी तक्रार निदान कपाटात तरी जाते.

गुरुवार, २४ ऑक्टोबर

आज चित्रांच्या वर्गात जाऊन बसले. रवान म्हणाली, "या ना मिस, तुम्हीही काढा काहीतरी." मी म्हटलं, मी बघायला आलेय.

आणि बघितलं! मयारच्या कागदावर नुसत्या काळ्या रेघा. उभ्या, शेजारी शेजारी, एकीला एक न चिकटणाऱ्या. दुसरा रंग नाही. ही तीच मुलगी, जी ऑगस्टमध्ये पिवळ्या गाढवाला निळी शेपूट काढत होती.

रवान दुसरीकडे वळल्यावर मी खडूंचा डबा पाहिला. लाल अख्खा. हिरवा अख्खा. पिवळ्याचं टोकही झिजलेलं नाही. काळा मात्र नखाएवढा उरलेला.

पाणी कुठे मुरतंय ते कळलं. पाहुण्यांना काळी चित्रं दाखवायची आहेत. गाढवाच्या निळ्या शेपटीला कोण मदत देणार? पोरीला सांगून ठेवलेलं दिसतंय — काळाच वापर. आणि गाऊ नकोस. एका दगडात दोन.

मयारला बाहेर ओट्यावर गाठलं. तुला कोणी सांगितलं का गं, काळाच खडू घे म्हणून? म्हणाली, "नाही, मिस." डोळे खाली. शिकवलेलं उत्तर मला ऐकताक्षणी कळतं. आयुष्यभर मी तीच देत आणि घेत आलेय.

शनिवार, २६ ऑक्टोबर

बहिणीचा, जॉर्जेतचा, सांतियागोहून फोन. तिला सगळं सांगितलं. ती हसायलाच लागली. "तुला संशय घ्यायचा पगार असता ना ओदेत, तर अर्धं बेत जाला तुझ्या नावावर झालं असतं."

मग म्हणाली, "सगळ्या सारख्याच सैल? मला एकदम आपलं जुनं घर आठवलं." तिला कशावरूनही जुनं घरच आठवतं. चाळीस वर्षं चिलीत काढली की असं होतं. मी म्हटलं, विषय बदलू नकोस, उपाय सांग.

उपाय म्हणे — कानून घरी ने. या गुडघ्यांनी? या चढावर? आणि न्यायचं का? घाबरून? बाबांनी हे वाद्य जेरुसलेमहून गाढवावर घालून आणलं, ती गोष्ट मी दर नव्या तुकडीला पहिल्या दिवशी सांगते — कुठून आणलं, कोण वाजवायचं, बाबा गेल्यावर घरात काय झालं, सगळी. ते वाद्य मी चोरासारखं घरी नेणार नाही.

सोमवार, २८ ऑक्टोबर

झाडावर चढायला कोणी मिळालं नाही. खालच्या फांद्यांचे ऑलिव्ह मीच काढले. पाठ गेली.

मंगळवार, २९ ऑक्टोबर. दुपारी २ वाजून ४० मिनिटं.

पाहिलं! स्वतःच्या डोळ्यांनी.

आज मुद्दाम लवकर गेले आणि चर्चच्या कोपऱ्यावर बदामाच्या झाडाआड उभी राहिले. या वयात! दोन चाळीसला रवान संगीताच्या खोलीतून बाहेर आली. दार हळू लावलं — हाताच्या तळव्याने धरून, खटका वाजू नये म्हणून. मग तिथेच भिंतीला टेकून उभी. चेहरा असा, की कोणीतरी थोबाडीत मारलीय.

मी पुढे झाले. आत काय करत होतीस?

"काही नाही, मिस."

"मग बाहेर काय करते आहेस?"

"उभी आहे."

"बाजूला हो."

ती हलली नाही. मला अडवून उभी राहिली, ही कालची पोर! म्हणाली, मिस, दहा मिनिटं. फक्त दहा मिनिटं द्या, मग हवं तेवढं बोला. मी म्हटलं, कशाला, पुरावा झाकायला? आणि तिला सारून आत गेले.

खोलीत मयार होती. खिडकीपाशी, पाठमोरी. कानूनची पेटी बंद. उघडून पाहिलं — सैल.

म्हणजे आता लहान मुलीला आत बसवून तिच्यादेखत हे चाललंय. तिला साक्षीदार केलंय, की पहारेकरी? मयारला विचारलं, मिस रवान इथे काय करत होत्या? पोरीने ओठ इतके घट्ट मिटले की पांढरे पडले.

मी रवानला म्हटलं, मला लेखी खुलासा हवा.

"लेखी नाही देऊ शकत."

"का?"

"तेही नाही सांगू शकत, मिस."

गुरुवार, ३१ ऑक्टोबर

पेटीला कुलूप आणलं. पितळी, चांगलं जाड. दुकानदाराने विचारलं, तिजोरीला का? मी म्हटलं, वर्गाला.

आज चहाच्या वेळी उम्म नाहिद ओट्यावर भरतकाम घेऊन बसली होती. मयारची आजी. तिचं स्वतःचं नाव इथे कोणाला ठाऊक नाही. थोरल्या लेकावरून उम्म नाहिद, नाहिदची आई. नाहिद म्हणजे मयारचा बाप, टॅक्सी चालवायचा. म्हातारीला रक्तदाब, साखर, छातीत कळ — सगळं आहे, आणि जीभही आहे. मला म्हणाली, "मिस, माझं काळं कापड वीतभर कमी भरतंय. तुमच्या केंद्रात उंदीर आहेत, नाहीतर माणसं." मी म्हटलं, उम्म नाहिद, मापात चूक झाली असेल. ती म्हणाली, "माझ्या मापात? मी सहा पोरांची कापडं डोळ्यांनी बेतलीत."

मग तिने मयारला हाक मारली. फोन बघ, तुझ्या बाबाचं काही आलं का. मयारने फोन उघडला आणि वाचून दाखवलं. आजीला अक्षरओळख नाही. "आई, आम्ही बरे आहोत. नेट नीट नाही म्हणून फोन लागत नाही. गोळ्या वेळेवर घे. मयारला रागावू नकोस."

म्हातारी खूश. "बघितलंत? माझा नाहिद! उन्हात आगीशेजारी बसून लिहीत असेल, तरी आईच्या गोळ्या आठवतात." आणि मग सगळी 'उम्म नाहिद, उम्म नाहिद' करत तिला बिस्किटं देत होती.

मला मात्र तो निरोप खटकला. टॅक्सीवाला माणूस, तंबूत राहतो, आणि लिहितो कसं तर शाळेतल्या निबंधासारखं. आधीचे निरोप मी ऐकलेत — अर्धे शिव्या आणि अर्धे विनोद असायचे. हे कोणीतरी लिहून देतंय. पाहुण्यांसाठी पुस्तिका निघणार आहे ना? 'बापाची पत्रं' म्हणून छापतील. रवानला विचारायला हवं.

शनिवार, २ नोव्हेंबर

कुलूप शाबूत. पण पेटीभोवती काळं फडकं बांधलेलं! घट्ट, दोन गाठी मारून. चांगलं कापड, भरतकामाचं असतं तसं.

हा अपमान आहे. मेलेल्या माणसाला बांधतात तसं माझं वाद्य बांधायचं! म्हणजे माझा वर्ग मेला, असंच ना? फडकं सोडून रवानच्या टेबलावर नेऊन ठेवलं. तिने ते उचललं, घडी केली, आणि — पाहून मला आश्चर्य वाटलं — डोळ्यांना लावलं. नाटक चांगलं जमतं हिला.

मयारने आज खारीक भरलेल्या कुकीला हात लावला नाही. चहा घेतला तोही बिनसाखरेचा. रवानच तिच्या पेल्यात साखर पडू देत नव्हती. हेही आता नवीन. साखर वाईट, गाणं वाईट, रंग वाईट!

सोमवार, ४ नोव्हेंबर

अर्ज दिला. दीड पान. १५, २२, २९ ऑक्टोबर आणि २ नोव्हेंबर, वेळांसकट. चावी, खडू, दहा मिनिटांची विनवणी, निरोप, फडकं. शेवटी: शनिवार ९ नोव्हेंबर, दुपारी बारापर्यंत लेखी उत्तर न आल्यास मी वर्ग बंद करीन आणि कारण पाहुण्यांना सांगेन.

अबूनांनी वाचला. "यात तुम्ही म्हणताय की ती मुलांकडून दुःख काढून घेते आणि विकते."

"असंच म्हणतेय."

"हे फार मोठं आहे, ओदेतबाई."

"म्हणून दीड पान झालं."

बुधवार, ६ नोव्हेंबर

रस्ता बंद. बाहेर पडले नाही.

शनिवार, ९ नोव्हेंबर

अबूनांच्या खोलीत तिघं बसलो. अर्ज त्यांनी मोठ्याने वाचला. वाचताना ऐकलं तर मलाच तो जरा जास्त तिखट वाटला. पण खोटं त्यात काही नव्हतं.

रवान म्हणाली, "मी केलं नाही. दार मी उघडून देत होते. त्यापुढे मला विचारू नका."

कोणाला उघडून देत होतीस? निरोप कोण लिहितं? ती हातातली चावी फिरवत राहिली. अबूना म्हणाले, मुली, तू बोलली नाहीस तर मला काहीतरी करावं लागेल. ती म्हणाली, "करा, अबूना. मी शब्द दिलाय." कोणाला? शब्द! पाहुण्यांनाच दिला असणार.

चौकशी होईपर्यंत रजेवर. चावी टेबलावर ठेवली. डोळ्यांत पाणी होतं पण गाळलं नाही, तेवढं मी तिच्या बाजूने लिहिते.

जिन्यात माझ्यासाठी थांबली. "मिस, एकच मागते. मयारच्या चहात साखर घालू नका."

"अजून हुकूम चालूच?"

"आणि तिच्या आजीला हाक मारताना जरा —"

"जरा काय?"

"काही नाही." आणि गेली. छावणीच्या बाजूने, उताराने, बॅग न घेताच.

जिंकले. मग घरी येऊन डाळ करपवली.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

दोन्ही वर्ग मीच घेतले. मुलांनी विचारलं, मिस रवान कुठे? मी म्हटलं, रजेवर. एकाने विचारलं, लेखी दिली का? सगळी हसली. मयार हसली नाही. माझ्याकडे बघत राहिली.

कानूनला स्वर लावून ठेवला होता. कुलूप होतं म्हणून तो टिकलाही. वाजवलं. मयारला समोर उभी केली. एकटीने गा, म्हटलं. आठ दिवस राहिलेत. आता तुला कोणी अडवणारं नाही.

तिने तोंड उघडलं. दोन बोटं छातीवरच्या व्रणावर ठेवली, तशी ती नेहमीच ठेवते. आवाज आला नाही. मी सुरुवात पुन्हा वाजवली. पुन्हा. पाचव्यांदा तिने हात पुढे करून माझ्या तारांवर पालथा ठेवला. सगळ्या तारा एकदम थांबल्या. उद्धटपणा! पण हात थंडगार होता, म्हणून रागावले नाही.

चित्रांच्या वेळी पुन्हा त्याच काळ्या रेघा. रवान नाही, तरी काळाच खडू. हे मला कळेना. कागद हातात घेऊन मोजल्या. पस्तीस.

पस्तीस कशाच्या?

चहात मी साखर घातली, दोन चमचे, ढवळून. आजीसमोर मुलीने तो पेला घेतला आणि एका दमात प्याली, औषधासारखा. उम्म नाहिद म्हणाली, "शाबास! मिस, तुमचं ऐकते ही. माझा नाहिदही असाच, चहात चार चमचे!" मी म्हटलं, लेक बापावर गेली, उम्म नाहिद. पोर उठून संडासाकडे पळाली. उलटी केल्याचा आवाज आला.

बुधवार, १३ नोव्हेंबर

पस्तीस.

गुरुवार, १४ नोव्हेंबर २०२४. दुपारी ३ वाजून ५० मिनिटं.

खोली उघडून चहा घ्यायला गेले, परत आले तर पेटीच्या कुलपाच्या कडीत घडी घातलेला कागद अडकवला होता. जसाच्या तसा इथे उतरवून ठेवते.

"मिस ओदेत यांस,

तुम्ही मिस रवान यांच्याकडे लेखी खुलासा मागितला होता. त्या देऊ शकत नाहीत, कारण मी त्यांना देवाची शपथ घातली आहे. म्हणून मी देते.

माझे बाबा नाहिद ९ ऑक्टोबरला गेले. सकाळी. फोन मी घेतला. आजीला सांगितलेलं नाही. डॉक्टर म्हणाले आहेत, तिला धक्का बसता कामा नये. निरोप मी लिहिते.

तारा मी सैल केल्या. तुमचे बाबा गेल्यावर तुमच्या आईने चाळीस दिवस केल्या होत्या, ते तुम्ही पहिल्या दिवशी सांगितलं होतं. आमच्याकडे दुखवटा पाळायला घर नाही, आणि निवासात आजी आहे. म्हणून तुमच्या खोलीत पाळला. तुम्ही म्हणाला होता तिथे पाळायचा नाही. त्याबद्दल माफी मागते. फडकंही मीच बांधलं.

सगळे आजीला दिवसभर उम्म नाहिद म्हणतात. मी काही म्हणत नाही.

चाळिसावा दिवस, म्हणजे चाळिसावी रेघ, रविवारी आहे. माझे प्रश्न दोन. मिस रवान परत कधी येणार? आणि आजीला कोण सांगणार? मला आवाज नाही.

उत्तर रविवार, १७ नोव्हेंबर, संध्याकाळी पाचच्या आत पाहिजे. लेखीच द्या. आजीला वाचता येत नाही.

— मयार नाहिद"